न मागितलेलं फाटक

माझी सून यागोदा लग्नाआधी वॉर्सात ट्रॅम चालवायची. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ही गोष्ट लक्षात नसेल तर तिच्याशी बोलताना माणूस फसतो. ट्रॅम चालवणाऱ्याला वळसा हा प्रकारच माहीत नसतो. रुळावर कोणी आडवं आलं तर तो घंटा वाजवतो, थांबतो, पुन्हा घंटा वाजवतो, पण रूळ काही सोडत नाही. माझा सेव्हेरिन तेव्हा तिकडे बांधकामावर होता आणि रोज तिच्याच ट्रॅमने कामावर जायचा. एके दिवशी शेवटचा थांबा आला तरी हा उतरेना. तेव्हा तिने मागे वळून विचारलं म्हणे, "उतरायचंय की लग्न करायचंय?" दोघंही ही हकिगत अगदी अशीच सांगतात, म्हणजे खरी असावी.

तो तिला घेऊन ओल्शान्काला परत आला. नारेव नदीच्या काठी आमचं गाव. मोजकी घरं, एक चर्च आणि माझं दुकान. दुकानात पावापासून खिळ्यांपर्यंत सगळं मिळतं आणि काही घ्यायचं नसेल तर बातम्या मिळतात. ही शहरी पोरगी पहिल्याच हिवाळ्यात पळून जाईल असं मी गावभर सांगून ठेवलं होतं. ती पळाली नाही. उलट माझा गल्ला दारापासून उचलून खिडकीशी नेला, आणि आधीची जागा कशी चुकीची होती ते मलाच पटवून दिलं. सुनेचं खरं निघालं की काय वाटतं ते सासूलाच विचारावं.

तर ही यागोदा गरोदर राहिली. पहिले महिने उलट्यांत गेले, मधले मजेत. खरी गंमत सुरू झाली ती फेब्रुवारीपासून, पोट तिच्या आधी दारातून आत यायला लागलं तेव्हा. आमच्याकडे गरोदर बाईला नाही म्हणत नाहीत. तिने काही मागितलं आणि तुम्ही दिलं नाहीत, तर उंदीर तुमचे कपडे कुरतडतात. यावर हसणारे लोकही आहेत, पण ते हसत हसत का होईना, देतात.

यागोदाला हे ठाऊक नव्हतं. एकदा दुकानात ती शेजारणीला सहज म्हणाली, "तुमच्या आंबवलेल्या काकड्यांचा काय छान वास येतो हो." संध्याकाळी अख्खी बरणी दारात.

"आई, ह्या बाईंना काय झालंय? मी नुसता वास म्हटलं!"

मी तिला उंदरांचं सांगितलं. ती इतकी हसली की धावत संडासात जावं लागलं. तसंही त्या दिवसांत ती सारखी तिकडेच असायची. बाळाने तिच्या मूत्राशयाची उशी केली होती.

मग गावाच्या लक्षात आलं की आपल्याला एक चालतंबोलतं हत्यार मिळालं आहे. आमच्या सरपंचबाई लुडमिला तिला घेऊन फिरायला लागल्या. ज्याने रस्त्यात घुसवलेलं कुंपण तीन वर्षं मागे घेतलं नव्हतं त्याच्या दारात यागोदाला उभं केलं, कुंपण मागे गेलं. फादरांनीसुद्धा एका रविवारी तिला हळूच बाजूला घेतलं. "मुली, ऑर्गन वाजवणाऱ्याला जरा सांगशील? शेवटचं गाणं तो इतकं लांबवतो की सूप गार होतं माझं." तिने सांगितलं. पुढच्या रविवारी चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, अशी झटकन आटोपली की म्हाताऱ्या बायकांना वाटलं फादर आजारी आहेत.

मार्च लागला तशी तिची मजा कमी होऊन धाप वाढली. जेवली की छातीत जळजळ. संध्याकाळी पावलं अशी सुजायची की माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या चपला तिला बरोबर बसायला लागल्या. रात्री पिंढरीत गोळा यायचा आणि ती सेव्हेरिनला लाथ मारून उठवायची, की एकटीनेच का जागायचं. डाव्या कुशीवर झोपायचं, दोन उश्या पाठीला, एक गुडघ्यांत. सेव्हेरिनला पलंगाची कड उरायची. मधेच पोट दगडासारखं घट्ट व्हायचं आणि पुन्हा सैल पडायचं. तिची स्मरणशक्ती तर कुठे गेली होती देव जाणे. एकदा लोणी कपड्यांच्या कपाटात सापडलं आणि मोजे फ्रीजमध्ये.

तालुक्याच्या गावाहून सुईणबाई यायच्या, मोठ्या हसऱ्या. त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं. "आता एखाद्या दिवशी पोट खाली उतरेल. श्वास मोकळा होईल, पण चालताना बदकासारखी डुलशील. मधूनमधून कळा येतील. लगेच गाडी काढू नका. ऊठ, चाल, पाणी पी, कूस बदल. थांबल्या तर खोट्या. चालूनही वाढतच गेल्या, जवळजवळ यायला लागल्या, तर खऱ्या. आणि पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे चमकायला लागलं किंवा बाळाची वळवळ कमी वाटली, तर कसलीही वाट बघायची नाही. थेट निघायचं."

"थेट," यागोदा म्हणाली. हा शब्द तिला आवडला.

मला मात्र त्याच शब्दाने घाम फुटला, कारण मार्चअखेरीला ओल्शान्काहून थेट कुठे जाताच येत नाही. बर्फ वितळलं की नारेव अंगणापर्यंत येते आणि खालचा रस्ता पाण्यात जातो. मग उरतात दोन वाटा. एक जंगलातली, भलामोठा वळसा आणि वसंतातला चिखल. दुसरी म्हणजे बांध. कुरणातून सरळ हमरस्त्याला भिडणारा, उंच, कोरडा. पण बांध क्लेमेन्सचा, आणि त्याच्या तोंडाशी क्लेमेन्सचं लोखंडी फाटक, आणि फाटकाला कुलूप.

जंगलाच्या वाटेचं मला कोणी सांगायला नको. सेव्हेरिन त्या वाटेवर जन्मला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, गवतावर, चाकं चिखलात रुतलेली असताना. त्या वर्षी पूर एवढा मोठा की बांधही पाण्याखाली होता. तो निळा पडलेला बाहेर आला आणि रडेना. माझ्या नवऱ्याने त्याला कोटात गुंडाळून चोळलं, चोळलं, आणि किती वेळाने तो रडला ते मला आजही सांगता येत नाही. हे मी कोणाला फारसं सांगत नाही. पण त्या मार्चमध्ये यागोदा पोटावर हात ठेवून समोरून गेली की मला ती ट्रॉली दिसायची.

आता क्लेमेन्सबद्दल. माझ्या थोरल्या भावाच्या वर्गातला, उंच, हडकुळा, नाकाच्या शेंड्यावर राग. बायको स्तेफानिया गेली तेव्हापासून एकटा, मूलबाळ नाही. कुलूप त्याने उगीच लावलं नव्हतं. गावाने लाकडाचे ट्रक त्याच्या बांधावरून नेले, बांध जागोजागी खचला, खडी टाकून देतो असं सगळ्यांनी मिळून सांगितलं आणि सगळे मिळून विसरले. मग त्याने फाटक बसवलं. चूक गावाची होती, पण हे गावात कोणी बोलत नाही. सरपंचबाई जाऊन आल्या, फादर जाऊन आले, एकदा तर व्होडकाची बाटली पाठवून झाली. बाटली त्याने ठेवून घेतली, आणि कुलूपही ठेवलं.

पण उंदरांना क्लेमेन्सइतका भिणारा माणूस आमच्या अख्ख्या पंचक्रोशीत नाही. तरुणपणी त्याच्या गरोदर वहिनीने त्याच्याकडे चेरीच्या मुरंब्याची बरणी मागितली होती. त्याने दिली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी पेटी उघडली तर नव्या विजारीची बैठक उंदरांनी फस्त केलेली. भावाची विजार घालून तो वेदीसमोर उभा राहिला, आणि भाऊ बुटका. तो फोटो स्तेफानिया मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

तेव्हा एका दुपारी माझ्या दुकानात बसून गावाने बेत केला: फाटक यागोदाने मागायचं. लुडमिलाबाई तर इतक्या खूश, की त्यांनी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना खसखशीचा केक घेतला. यागोदा कोपऱ्यात, सुजलेले पाय बिअरच्या क्रेटवर ठेवून ऐकत होती.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?" लुडमिलाबाईंचा घास तोंडातच राहिला.

"नाही म्हणजे मी मागणार नाही. क्लेमेन्सकाकांचं खरं आहे. बांध मोडलात तुम्ही, खडी टाकली नाहीत तुम्ही. आता माझं पोट पुढे करून फुकट वाट काढून घेताय. काकड्या वेगळ्या, वाट वेगळी."

"अगं, मग दवाखान्यात उडत जाणारेस का?" मी ओरडले.

"जंगलातून जाईन. किंवा आधी खडी टाका, मग मागते."

खडी म्हणताच सगळ्यांना आपापली कामं आठवली. दुकान रिकामं झालं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, शहरात माझी मावसबहीण आहे, तिच्याकडे जाऊन राहा आठवडाभर. तर म्हणे, "चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि मांजरी किती ते तिलाही माहीत नाही. आई, मला चढता चढताच व्हायचं तिथे." हे मात्र अगदीच खोटं नव्हतं.

बेत मोडला, पण बातमी फुटायची ती फुटलीच. यागोदा फाटक मागायला येणार असं क्लेमेन्सच्या कानावर गेलं. येणार नाही हे काही गेलं नाही. आमच्याकडे बातम्यांचं असंच आहे. आणि म्हातारा पळायला लागला. 'तिने मागितलंच नाही तर मी नाही म्हटलंच नाही, मग उंदीर कशाला येतील?' असा त्याचा हिशेब. दुकानाच्या खिडकीतून तिचं पोट दिसलं की हा घेतलेला पाव टाकून मागच्या दाराने पसार. मिस्सेतून फादरांच्या खोलीमार्गे पसार. एकदा तर तो माझ्या कोठीच्या खोलीत पिठाच्या पोत्यांमागे जाऊन बसला, आणि यागोदा नेमकी दारातच खुर्ची टाकून टेकली. टेकली ती झोपलीच. त्या दिवसांत तिला बसलं की झोप यायची आणि झोपलं की जाग. अर्धी दुपार म्हातारा आत शिंका दाबत होता. मी त्याला खिडकीतून चहा दिला.

यागोदाला हे कळलं तेव्हा ती हसली नाही. "म्हणजे ते पाव न घेताच जातात? आई, तो माणूस माझ्या भीतीने उपाशी राहतोय!"

"राहू दे की. सुटेल कुलूप."

"मी त्यांना सांगून येते, की मी काही मागणार नाहीये."

आणि मग सुरू झाला असला तमाशा की बस. ही मागणार नाही हे सांगायला त्याच्या मागे, आणि ही मागेल म्हणून तो हिच्या पुढे. ही एका हाताने कंबर धरून, बदकासारखी डुलत, दर घराशी थांबून दम खात. "क्लेमेन्सकाका! थांबा! मला काही—" एवढं ऐकलं की तो सायकलवर टांग टाकायचा. पोट तोवर खाली उतरलं होतं. श्वास मोकळा झाला होता, पण मांड्यांमध्ये जणू भोपळा धरून चालतेय असं वाटतं म्हणायची. मधेच कळ यायची, ही कोणाच्या तरी कुंपणाला धरून उभी राहायची आणि घरातून कोणीतरी खुर्ची घेऊन धावत यायचं.

शेवटी तिने त्याला शिडीवर गाठलं. तो कोंबड्यांच्या खुराड्याच्या छपरावर पत्रा ठोकत होता. त्याचा पाव घेऊन मी तिच्याबरोबर होते. त्याला कळायच्या आत ही शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. आता उतरायचं तर हिच्यावरूनच उतरावं लागणार. क्लेमेन्सने काय करावं? दोन्ही कानांत बोटं घातली आणि उपवासकाळातलं भजन मोठ्याने म्हणायला लागला.

यागोदाने शेजारची बादली उपडी केली आणि त्याच्या हातून खाली पडलेल्या हातोडीने ती वाजवायला सुरुवात केली. टण, टण, टण. ट्रॅमची घंटा. त्याचं भजन संपलं, दम संपला, हिची बादली चालूच.

"मी काहीही मागायला आले नाहीये!" ती ओरडली.

वरून एक बोट कानातून निघालं. "काय?"

"फाटक नकोय मला! तुमचं खरं आहे. गावाने खडी टाकायला हवी होती. मी जंगलाच्या वाटेने जाणार आहे. तुम्ही आपले पाव न्यायला येत जा, एवढंच. आणि हेही मागत नाहीये, सांगतेय."

म्हातारा छपराच्या कडेला येऊन बसला. "फाटक नको?"

"नको."

"दुसरं काही?"

"काही नको."

"अगं, पाणीबिणी?"

"काका, पाण्याचं नाव काढू नका," ती उठत म्हणाली, आणि पाय आवळून उभी राहिली. मला कळलं. त्याच्या अंगणातला संडास समोरच होता, पण मागायचं नाही म्हणजे नाही. ती आमच्या घराकडे वळली.

"ते दार उघडंच असतं!" क्लेमेन्स वरून ओरडला.

"मी मागितलेलं नाही!"

"मीही दिलेलं नाही! नुसतं उघडं आहे!"

ती जराशी थांबली, विचार केला आणि आत गेली.

त्यानंतर क्लेमेन्सचं पळणं थांबलं आणि वेगळंच दुखणं लागलं. आता तोच रोज दुकानात यायचा. टोपी हातात घेऊन उभा. "काय पोरी, बरं आहे? काही हवंनको?" "काही नको, काका." एक दिवस अंडी घेऊन आला, तर तिने हातात नाणी मोजून ठेवली. तो बाहेर गेला आणि मला खुणेने बोलावून म्हणाला, "तुझी सून गर्विष्ठ आहे, तेओदोरा."

"अरे गाढवा, गावात तुझ्या बाजूने बोलणारी ती एकटी आहे."

"म्हणूनच झोप येत नाही मला," तो म्हणाला. "मागितलं असतं तर देऊन मोकळा झालो असतो, गावाला शिव्या घातल्या असत्या. आता कोणाला घालू?"

खालचा रस्ता पाण्यात गेला. यागोदाच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. तिने दुकानातली सगळी फडताळं घासून काढली, खिळे लांबीप्रमाणे लावले, बाळाचे कपडे धुतले, इस्त्री केली, पुन्हा धुतले. दवाखान्याची पिशवी ती रोज भरायची आणि रोज उपसायची. सुईणबाई फोनवर म्हणाल्या, "पक्षीण घरटं लावतेय, लावू द्या." मी म्हटलं, घरटं लावू दे, पण माझं दुकान तरी शाबूत राहू दे. एकदा कळा आल्या म्हणून आम्ही सगळे गाडीत बसलो, जंगलाच्या तोंडाशी पोचलो आणि कळा थांबल्या. घरी येऊन तिने ताटभर पिएरोगी, म्हणजे आमच्याकडच्या उकडलेल्या करंज्या, खाल्ल्या आणि सेव्हेरिनने रिकाम्या पोटी दोन पेले व्होडका.

मग तो शनिवार आला. सकाळी दुकान उघडलं तेव्हाच ती गप्प होती. फळीला धरून उभी राहायची, डोळे मिटायची, मग चालायला लागायची. पिठापासून खिळ्यांपर्यंत, खिळ्यांपासून पिठापर्यंत. मी म्हटलं, कूस बदलून बघ. बदलली. पाणी पी. प्यायली. कळा काही थांबेनात. गिऱ्हाईक येऊन काय हवं ते स्वतःच घेत होतं आणि पैसे ठेवून पाय न वाजवता जात होतं. सुईणबाईंना फोन लावला, त्यांनी फोनवरच एक कळ ऐकली आणि म्हणाल्या, "खऱ्या. निघा."

सेव्हेरिन गाडी काढायला धावला आणि तसाच परत आला, पांढराफटक. दुधाचा टँकर जंगलाच्या वाटेवर आडवा रुतला होता. त्याला काढायला दुसरा ट्रॅक्टर गेला, तोही रुतला. माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा ती ट्रॉली.

यागोदा फळीला धरून उभी होती. कळ ओसरली, तिने तोंड पुसलं. "चला बांधाकडे," ती म्हणाली. "मी मागते."

"तू मागणार नव्हतीस," सेव्हेरिन म्हणाला. पुरुषांना कुठे काय बोलावं ते कधी कळणार!

"नव्हते. पण माझ्या तत्त्वासाठी बाळाने चिखलात जन्मायचं का? मागते मी." आणि तिचे डोळे भरून आले.

इतके दिवस मी हेच ऐकायला टपले होते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या सरळ मानेच्या पोरीला वाकताना मला बघवेना.

गाडी फाटकापाशी आली तर क्लेमेन्स आधीच तिथे. टँकरचं त्यालाही कळलं होतं. तो कुलपाशी झटापट करत होता; दोन वर्षांच्या गंजाने किल्ली फिरेना. यागोदाने काच खाली केली. "काका—"

"गप्प!" तो ओरडला. "एक शब्द बोलू नकोस!"

"पण काका, मला—"

"तेओदोरा! हिचं तोंड धर! मागू देऊ नकोस हिला! हिने मागितलं तर गाव म्हणेल उंदरांना भिऊन उघडलं!"

आणि मी खरोखर माझ्या सुनेच्या तोंडावर हात ठेवला. नेमकी तेव्हाच कळ आली. तिने माझ्या तळव्याचा असा चावा घेतला की मी किंचाळले. क्लेमेन्सला वाटलं तीच, आणि त्याने किल्ली फेकून दिली, खांद्यावर फाटक घेतलं आणि उचलायला लागला. सेव्हेरिन धावला. दोघांनी मिळून ते अख्खं लोखंडी धूड बिजागऱ्यांतून उपसून काढलं आणि कुलपासकट पाण्याच्या चरात लोटून दिलं.

"साक्षीला तू आहेस, तेओदोरा!" म्हातारा धापा टाकत म्हणाला. "हिने मागितलेलं नाही!"

"आहे, आहे! आता बाजूला हो!"

आम्ही बांधावर लागलो. जिथे जिथे बांध खचला होता तिथे तिथे विटांचे तुकडे आणि जुनी कौलं ठासून भरलेली होती. शेवटच्या खड्ड्याशी एक हातगाडी तशीच उभी होती, अर्धी भरलेली. गावाने खडी टाकली नव्हती हे मला माहीत होतं, तेव्हा विटा कोणी टाकल्या हे विचारावं लागलं नाही. यागोदानेही पाहिलं. ती रडत होती की हसत होती ते कळेना. दोन्ही करत होती बहुतेक.

दवाखान्यात पोचलो आणि दुपारच्या जेवणाआधी मुलगी झाली. गोरीमोरी नाही, निळी नाही, लालबुंद, आणि आल्या आल्या असा गळा काढला की सुईणबाई म्हणाल्या, "ही ट्रॅमची घंटा कोणाची?" मी बाहेरच्या बाकावर बसून हमसाहमशी रडले. सेव्हेरिन मला धीर देत होता. त्याला वाटलं माझा हात दुखतोय.

त्यांना घरी आणलं तेव्हा खालचा रस्ता अजून पाण्यातच होता, म्हणून आम्ही बांधानेच परत आलो. फाटक चरातच पडलेलं. क्लेमेन्स वाटेच्या कडेला उभा होता, दाढी केलेला, स्वच्छ कोटात, आणि ढगांकडे बघत होता, जणू पाऊस येतो की काय ते बघायलाच तिथे आला होता.

"थांबव," यागोदा म्हणाली. सेव्हेरिनने गाडी थांबवली.

"मी हात दाखवला नव्हता," क्लेमेन्स घाईघाईने म्हणाला. "जा तुम्ही. बाळाला वारा लागेल."

ती टाक्यांमुळे जपून उतरली, दुलईतलं गाठोडं घेऊन त्याच्यापुढे गेली आणि सरळ त्याच्या हातांत दिलं. त्याचे ते खांबासारखे हात तसेच ताठ राहिले.

"मी मागितलं नव्हतं, पोरी."

"माहीत आहे."

तो खाली बघत राहिला. सत्तरीचा माणूस; या गावात किती बारशी, किती पाळणे झाले, आणि त्याच्या हातात कोणी कधी मूल दिलं नव्हतं. त्याने कधी मागितलं नव्हतं, आणि आम्हाला कोणाला सुचलं नव्हतं. त्याच्या नाकावरून पाणी ओघळायला लागलं, आणि ते पुसायला त्याचा एक हात हलला.

"डोकं धर! डोकं!" मी गाडीतून ओरडले.

"धरलंय," तो म्हणाला. "ओरडू नकोस गं, ती झोपलीये."